पिल्लांच्या पेटीवर उबवणीची वेळ का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर कुक्कुटपालन हा कसा चांगला जोडधंदा आहे, हे महिन्यातून एकदा तरी छापून येते. ते वाचूनच मी या धंद्यात पडले, म्हणून तक्रारही आपल्याकडेच घेऊन आले आहे. पत्र लांबले आहे. जागा कमी पडली तर माझी रडकथा खुशाल कापा, पण पेटीवरच्या वेळेबद्दल जे लिहिले आहे ते कापू नका.

मी पन्हाळा तालुक्यातल्या एका खेड्यात तीस वर्षे अंगणवाडी सेविका होते. चार वर्षांपूर्वी मोकळी झाले. घरामागे जनावरांचा जुना गोठा होता, म्हशी आता दोनच राहिल्यात, म्हणून अर्धा गोठा जाळी मारून घेतला आणि त्यात गावरानसारखी दिसणारी सुधारित जातीची पिल्ले वाढवायला सुरुवात केली. वर्षातून तीन वेळा. त्यातली मार्चची खेप सगळ्यात महत्त्वाची, कारण ती तयार होते आखाडाला. आखाडात आपल्या कोल्हापुरात काय असते हे मी सांगायला नको. गल्लोगल्ली त्र्यंबोलीची जत्रा निघते, देवीला नवीन पाणी जाते आणि मागे चुलीवर रस्सा रटरटत असतो. गावरान कोंबड्याला तेव्हा सांगेल तो भाव. श्रावण लागला की त्याच कोंबड्याला कुत्रे विचारत नाही. त्यामुळे मार्चची खेप गेली म्हणजे वर्ष गेले.

यंदा ती गेली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बचत गटातून दहा हजार उचलून मी दोनशे पिल्ले मागवली. एक पिल्लू बत्तीस रुपयांना. हॅचरी, म्हणजे यंत्रात अंडी उबवून पिल्ले विकणारा कारखाना, पुण्याच्या पलीकडची आहे, नाव लिहीत नाही, कारण चूक तिचीच होती हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि करू शकत नाही हीच तर माझी तक्रार आहे. पिल्ले खासगी बसच्या डिकीतून रात्रभर प्रवास करून येतात. पेटीला भोके पाडलेली असतात, आत चार कप्पे, कप्प्यात पंचवीस-पंचवीस. शंभरामागे दोन जादा घालतात, 'मर धरून' म्हणून. म्हणजे दोन पेट्यांत २०४.

बस पहाटे साडेपाचला कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपाशी यायची होती. सातारा-कागल रस्त्याचे काम चालू आहे, कुठे वळवलेला रस्ता, कुठे कोंडी, त्यात बस अडकली आणि आली नऊ चाळीसला. माझा मुलगा पहाटेपासून तिथे उभा. क्लीनरने डिकी उघडली तेव्हा आमच्या दोन पेट्या सगळ्यात खाली होत्या आणि वर कांद्याची पोती. माझा मुलगा भडकला, तर क्लीनर म्हणाला, "भावा, भोकं मोकळी हाईत की." तिसरी एक पेटी त्याच हॅचरीची, आमच्याच गटातल्या दोघींनी निम्मी निम्मी मागवलेली. डिकीत जागा नव्हती म्हणून ती वर केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागे ठेवलेली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

जानेवारीत मी एक पेटी आणली होती, तेव्हा ती घरी येईपर्यंत गुणगुणत होती. पिल्लांचा बारीक, एकसारखा आवाज असतो, भरल्या पोटाच्या बाळासारखा. या पेट्या तावडे हॉटेलला ओरडत होत्या म्हणे. घरी आल्या तेव्हा ओरडायच्याही थांबल्या होत्या.

शेडची तयारी मी आदल्या दिवशीच केली होती. चुना मारून झालेला, भाताचे तूस चार बोटे पसरलेले, त्यावर कागद, भोवती पत्र्याचे गोल कुंपण, वर बल्ब. पिल्लांच्या पाठीशी पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट उष्णता हवी, पुढे दर आठवड्याला पाच पाचने उतरवायची. तेवढ्यासाठी मी दोरीला थर्मामीटर टांगते. शेजारणी हसतात. कोमट पाण्यात गूळ विरघळवून ठेवला होता. आल्याबरोबर आधी खाद्य नाही, आधी गुळाचे पाणी. मी आणि माझी नात, दोघींनी मिळून एकेका पिल्लाची चोच पाण्यात बुडवली. दोनशे चोचींना दीड तास लागला. तीन पेटीतच मेलेली निघाली.

आता वही. अंगणवाडीत तीस वर्षे मी मुलांची वजने केली, तक्त्यावर टिंबे दिली, कुठले टिंब खाली घसरले ते शोधत बसले. ती खोड काही जात नाही. दहा-दहा पिल्ले पातेल्यात घालून मी काट्यावर तोलते आणि लिहून ठेवते. जानेवारीच्या पेटीतली दहा पिल्ले सरासरी ३८० ग्रॅम भरली होती. या वेळची दहा ३२० ग्रॅम. पाय हातात घेऊन बघितले तर जानेवारीच्या पिल्लांचे पाय तेल लावल्यासारखे तुकतुकीत होते, यांचे सुरकुतलेले, शिरा वर आलेल्या. लहान मुलाला हगवण लागून पाणी कमी झाले की कातडी चिमटीत धरल्यावर तशीच राहते, तसे काहीतरी.

मेलेल्यांचा हिशेब असा. बुधवारी पेटीत ३. गुरुवारी ११. शुक्रवारी २७. शनिवारी ३१. रविवारी १९. सोमवारी ४, मंगळवारी १. एकूण ९६. उरली १०८. जानेवारीत १०२ पैकी पहिल्या आठवड्यात गेली होती ३.

शुक्रवारी सत्तावीस मेली तेव्हा पहिला विचार आला बर्ड फ्लूचा. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला तो आला तेव्हा आमच्याकडेही अंडी कोणी घेईना, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याची बातमी आली तेव्हाही तीच गत. अशी मर लागली की जनावरांच्या दवाखान्याला कळवायचे, हे मला माहीत आहे, म्हणून कळवले. पलीकडून प्रश्न आला, "मोठ्या कोंबड्या ठीक आहेत ना?" परड्यात माझ्या चौदा मोठ्या कोंबड्या आहेत, त्या उकिरडा उकरत होत्या. हो म्हटले. "मग काळजी करू नका." मोठ्यांना काही नाही म्हणजे तो रोग नसणार, हे त्यांचे बरोबरच होते. पण मग लहानांची काळजी करायची कोणी? मेलेले पिल्लू फाडून बघाल का म्हणून विचारले, तर उत्तर आले की इथे कोंबडीचे शवविच्छेदन होत नाही, पुण्याला न्या.

पुण्याला औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग निदान प्रयोगशाळा आहे. त्याच्या अलीकडे शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दोन्ही चांगली असतील, वाद नाही. पण मेलेले पिल्लू तासा-दोन तासांत सडायला लागते. ते बर्फावर ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. धनुर्वाताच्या लसीला आम्ही जसे सांभाळायचो तसेच हे सांभाळायचे. चाळीस ग्रॅमचा जीव थर्माकोलच्या डब्यात घालून एस.टी.ने दिवस मोडायचा, आणि मागे जी जिवंत आहेत त्यांना पाणी कोणी द्यायचे? बत्तीस रुपयांच्या पिल्लासाठी हे कोणी करत नाही. मग मेलेली पिल्ले खड्ड्यात जातात, वर चुना पडतो आणि कारण त्यांच्याबरोबर पुरले जाते.

कारणे सांगणारे मात्र भरपूर भेटले. औषधाच्या दुकानदाराने जंतूंची पावडर आणि लिव्हरची बाटली दिली, साडेसहाशे रुपये. दोन दिवस दिली. सोमवारी मर उतरली तेव्हा त्याने फोन करून "बघा, लागू पडली ना" असे विचारले. पण तोवर जी मरायची ती मरून झाली होती. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली, मिरच्या उतरून टाक. टाकल्या. एका पाहुण्याने तर थेट निकाल दिला की हा सगळा फसवणुकीचा धंदा आहे. त्याचेही चुकत नाही. २०१९ साली कडकनाथच्या नावाखाली आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी लोकांचे पैसे बुडाले, त्यात तोही होता. तेव्हापासून त्याला पिल्लू दिसले की कंपनी दिसते.

हॅचरीचा माणूस फोनवर नम्र होता. "ताई, त्याच दिवशीची चार हजार पिल्लं आम्ही सोडली, कुणाची तक्रार नाही. तुमच्याकडे ऊब कमी पडली असेल." मी म्हटले, भरपाई? तो म्हणाला, "पेटी उघडताना मेलेली असतील तेवढीच धरतो. तुमची तीन. चार जादा दिलीच होती की."

आता माझ्या बाजूचेही लिहिते, नाहीतर या पत्राला काही अर्थ नाही. गुरुवारी रात्री दीड ते चार वीज नव्हती. मी बाटल्यांत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या मध्ये ठेवल्या, वर गोणपाट टाकला. कोळशाची शेगडी ठेवायचा मोह झाला होता, पण बंद खोलीत त्याच्या धुराने पिल्ले गुदमरतात म्हणून नाही ठेवली. अडीच तास पिल्ले एकमेकांवर चढून बसली होती, हे खरे. शुक्रवारच्या सत्तावीसमधली काही त्या रात्रीची असतील. किती, ते मला सांगता येत नाही. शिवाय तूस या वेळी नव्या गिरणीतून आणले होते. वास घेतला, कुबट नव्हते, बुरशी दिसली नाही. पण जानेवारीचे तूस नव्हते, हेही खरे.

शनिवारी मी शेजारच्या वाडीतल्या आप्पांना बोलावले. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, सगळे आप्पाच म्हणतात. त्यांनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, दाढीचे नवे ब्लेड घेतले आणि परसात फरशीच्या तुकड्यावर चार पिल्ले उघडली. तासाभरापूर्वी मेलेली, बर्फावर ठेवलेली.

पहिल्या दोघांच्या पोटात बलक तसाच होता. चौथ्या दिवशी तो जिरून हरभऱ्याएवढा उरायला हवा. हा बोराएवढा, हिरवट-तपकिरी, आणि असा वास की नात उठून पळाली. दोघांची बेंबी ओली, तिच्यावर काळी खपली. अंडी घाणीने माखलेली असली, उबवणी यंत्र नीट धुतलेले नसले, किंवा आत उष्णता जास्त झाली आणि बेंबी नीट मिटली नाही, की जंतू त्या वाटेने बलकात शिरतात. पिल्लू बाहेर येते तेव्हा चांगले दिसते, आणि आठवड्याच्या आत जाते. तिसऱ्याचे मात्र बलक जिरलेले, बेंबी कोरडी. पण त्याच्या काळजावर आणि लिव्हरवर चुना फासल्यासारखा पांढरा थर. "ह्याला पाणी मिळालेलं न्हाई वेळंवर," आप्पा म्हणाले. पाणी कमी पडले की पिल्लाची मूत्रपिंडे थकतात आणि लघवीतला क्षार असा आत साठतो. चौथ्यात यातले काहीच नाही. त्याच्या पोटात फक्त तूस निघाले. कागदाच्या कडेने उकरून खात बसले असेल, भरडा समोर असून.

"बाई, ही काय एका रोगानं मेलेली न्हाईत," असे म्हणून आप्पांनी हात धुतले. पुढे हेही बजावले, की मी डोळ्यांनी दिसले तेवढे सांगितले, जंतू कुठला ते प्रयोगशाळेत वाढवून बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. चार पिल्लांवरून शहाण्णवांचे सांगायचे नाही. मला तो माणूस त्या आठवड्यात भेटलेल्या सगळ्यांत विश्वासाचा वाटला, कारण तो एकटाच 'माहीत नाही' म्हणाला.

त्यांनी मला जी गोष्ट समजावली, तिच्यासाठी हे पत्र आहे. अंडे एकवीस दिवस उबते. पिल्लू कवच फोडायच्या आधी उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेते. ती त्याची शिदोरी. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाणा-पाण्याशिवाय काढू शकते. रानात कोंबडी खुडूक बसलेली असते, पहिले पिल्लू सोमवारी निघाले आणि शेवटचे मंगळवारी संध्याकाळी, तर पहिल्याला आईच्या पंखाखाली थांबायला जमावे म्हणून निसर्गाने ही सोय केली. माणसाने त्याच सोयीवर धंदा उभा केला. त्या शिदोरीमुळेच पिल्ले पेटीत घालून शेकडो मैल पाठवता येतात.

पण त्या शिदोरीमुळेच दोष कुणाचा हे कळत नाही. जे पिल्लू यंत्रात बिघडले, जे डिकीत तहानेने सुकले, ते पेटीत मरतच नाही. ते शिदोरी संपेपर्यंत तग धरते आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी माझ्या शेडमध्ये, माझ्या बल्बखाली मान टाकते. हॅचरी भरपाई देते पेटीत मेलेल्यांची. माझी पेटीत तीन मेली आणि दारात त्र्याण्णव.

आणि 'एक दिवसाचे पिल्लू' हे नावही फसवे आहे. यंत्रातली सगळी अंडी एका घटकेत फुटत नाहीत. पहिले आणि शेवटचे पिल्लू यांच्यात एक दिवस, कधी दीड दिवसही जातो, आणि सगळी निघाल्यावर ट्रे बाहेर काढतात. त्यानंतर निवडणे, मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचणे, मोजणे, पेट्यांत भरणे, गाडीची वाट बघणे. ऑर्डर कमी असली तर पेट्या दुसऱ्या दिवसाच्या गाडीला थांबतात, असे आता चार जणांकडून ऐकले, खरे-खोटे हॅचरीवाल्यांनी सांगावे. मग माझ्याकडे पेटी आली तेव्हा तिच्यातली पिल्ले किती तासांची होती? चोवीस? अठ्ठेचाळीस? साठ? पेटीवर हॅचरीचे चित्र होते, फोन नंबर होता, 'काळजीपूर्वक हाताळा' असे लिहिले होते. पिल्ले यंत्रातून कधी काढली, ते नव्हते. बिलावरही नव्हते. बिलावर तारीख होती ती बिलाची.

माझा भाचा बेळगावला असतो, त्याने मला मोबाइलवर अमेरिकेची एक बातमी वाचून दाखवली. तिथे १९१८ पासून कोंबडीची पिल्ले चक्क टपालाने जातात. २०२५ साली डेलावेअर नावाच्या राज्यात बारा हजारांच्या आसपास पिल्ले टपालाच्या गाडीत तीन दिवस तशीच राहिली आणि त्यातली चार हजारांवर मेली. वाचून पोटात कालवले. पण टपाल खात्याला आपल्या कामात गफलत झाली हे मान्य करावे लागले. का? तर ती गाडीतच मेली, सगळ्यांना दिसली, मोजता आली. शिवाय तिथल्या टपालाचा नियमच आहे, की उबल्यापासून बहात्तर तासांच्या आत पिल्लू घेणाऱ्याच्या हातात पडले पाहिजे. म्हणजे ते घड्याळ अंड्यापासून सुरू करतात. आपल्याकडे घड्याळ सुरू होते मी पेटीची दोरी कापते तेव्हा.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. पुतण्या कोल्हापूरच्या कोर्टात वकिली करतो, त्याने काढून दिले. जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ चे आहेत, त्यांत २००१ साली कोंबड्यांचे वेगळे प्रकरण घातले. पिल्ले उबल्यावर लगेच पेट्यांत भरून पाठवावीत, पेट्यांत घालून ठेवून देऊ नयेत. ऊन, पाऊस, उष्णता यांपासून जपावे. पेटी सपाट न्यावी, तिच्यावर किंवा भोवती दुसरा माल रचू नये. कांद्याच्या पोत्यांचे नाव त्यात नाही एवढेच.

आता त्या तिसऱ्या पेटीकडे येते. केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मागे आलेली. तीच हॅचरी, तीच बस, तोच उशीर. दोघींनी वाटून घेतली. एकीच्या घरी पिल्ले स्वयंपाकघरात पाटीखाली ठेवलेली, थर्मामीटर वगैरे काही नाही, आणि वीज तिच्याकडेही गेलीच होती. दोघींची मिळून १०२ मधली नऊ मेली. त्यांपैकी दोन-तीन पिल्लांच्या बेंब्या ओल्या होत्या असे ती म्हणते, पण ती उघडून कोणी बघितली नाहीत. यावरून डिकीला दोष द्यावा असे मनात येते. पण मग माझ्या पहिल्या दोन पिल्लांच्या पोटातला सडका बलक डिकीत तयार झाला का? तो हॅचरीतून आला असला तर त्या तिसऱ्या पेटीत इतका कमी का? आणि माझी अडीच तासांची अंधारी रात्र? मी वही पुढे घेऊन अनेक रात्री बसले. कुठलाही एक दोरा ओढला की दुसरा सुटतो. या शहाण्णवांपैकी किती हॅचरीचे, किती बसचे, किती माझे, याची वाटणी मला करता आलेली नाही.

ती करता यावी यासाठी फार काही लागत नाही. आमच्याकडे संध्याकाळी संस्थेत म्हशीचे दोन लिटर दूध घालायला गेले, तर फॅटची चिठ्ठी हातात पडते. कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली गेली की वेळेसकट पावती निघते. दुधाच्या पिशवीवर तारीख, बिस्किटाच्या पुड्यावर तारीख. शंभर जिवंत जिवांच्या पेटीवर मात्र काही नाही. हॅचरीवाल्यांनी प्रत्येक पेटीवर साध्या मार्करने दोनच ओळी लिहाव्यात: ट्रे यंत्रातून काढल्याची तारीख आणि वेळ, आणि पेटी गाडीत चढवल्याची वेळ. जमले तर दहा पिल्लांचे वजन. बिलावरही तेच. एवढे असते तर मला बुधवारी सकाळीच कळले असते की पिल्ले चाळीस तासांची आहेत की सत्तर. सत्तरची असती तर मी पेटी तिथेच परत केली असती, निदान फोटो काढून ठेवला असता. आणि बसवाल्यालाही सांगता आले असते की बाबा, चढवली तेव्हा ही पिल्ले वीस तासांची होती, पुढचे तुझे.

यात हॅचरीचेही भलेच आहे. चार हजार पिल्ले सोडली आणि तक्रार माझी एकटीची, हे खरे असेल तर त्यांनी ते छाती पुढे करून दाखवावे, फोनवर माझ्या बल्बवर ढकलू नये. कुणी म्हणेल, खर्च वाढेल. मार्कर दहा रुपयांना मिळतो.

दुसरे मागणे पशुसंवर्धन खात्याला, तेही मोठे नाही. पुण्यासारखी प्रयोगशाळा तालुक्याला मागत नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातला एक ठरावीक वार असा ठेवावा, की त्या दिवशी कोणीही बर्फावर मेलेले पिल्लू आणावे आणि ते उघडून, डोळ्यांना दिसते तेवढे तरी कागदावर लिहून मिळावे. आप्पांनी जे दाढीच्या ब्लेडने केले तेच, फक्त सही-शिक्क्यासह. कंपन्यांच्या कंत्राटी शेडवर सुपरवायझर येतात, रोज मर बघतात, पिल्लू उघडतात. आमच्यासारख्या दोनशे-तीनशेवाल्यांना तेवढेही कोणी नाही, आणि 'महिलांना परसातील कुक्कुटपालन' म्हणून पत्रके मात्र आम्हालाच वाटतात.

अंगणवाडीत एखादे मूल दगावले तर वहीतला कारणाचा रकाना मोकळा ठेवून चालत नसे. 'ताप' एवढे लिहिले तरी सुपरवायझरबाई वही परत करायच्या, कसला ताप, किती दिवस, कुणाला दाखवले, म्हणून विचारायच्या. तेव्हा मला राग यायचा. पिल्लांच्या वहीत मी तोच रकाना आखला आहे, आणि मार्चच्या पानावर त्यात चार ओळी सोडल्या तर सगळीकडे आडवी रेघ आहे.

पुढची खेप गणपतीनंतर मागवायची आहे. गटातल्या आम्ही सहाजणींनी ठरवले आहे की पेटीवर वेळ लिहून देईल त्याच हॅचरीची पिल्ले घ्यायची, मग ती दोन रुपये महाग पडली तरी. तीन ठिकाणी फोन झाले. दोघांनी "बघू" म्हटले, एकाने "असं कुणी मागत नाही, मॅडम" म्हटले. आपल्या वाचकांत कोणी मागत असेल, किंवा देणारी हॅचरी कुणाला ठाऊक असेल, तर याच सदरात जरूर लिहावे.

उरलेल्या १०८ पैकी आज १०६ आहेत. दोन मुंगसाने नेली. त्यांचे कारण वहीत लिहिले आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

आपली वाचक,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांपुरता)